घर, बाग आणि अंथरुणाला खिळलेला पिता : संत लुई मार्टिन

जुलै महिना आला की एका कुटुंबाची आठवण दोनदा जागी होते. १२ जुलै हा संत लुई आणि संत झेली मार्टिन या दांपत्याचा स्मरणदिन, तर २९ जुलै हा लुई मार्टिन यांचा मृत्युदिन. याच महिन्याचा चौथा रविवार दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालापासून आजी-आजोबा आणि वृद्धजनांचा जागतिक दिन म्हणून नेमून दिला. त्यामुळे ज्या पित्याने आपल्या लेकींना जिवापाड सांभाळले आणि शेवटी लेकींनी ज्याला लहान बाळाप्रमाणे सांभाळले, त्याचे जीवन याच दिवसांत वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

त्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या धर्मग्रामांत अशी अनेक घरे आहेत जिथे आतल्या खोलीत एक वृद्ध पिता किंवा माता बसलेली असते. तिला पोटच्या मुलांची नावे आठवत नाहीत, दिवस-रात्र कळत नाही, कधी दार उघडे राहिले तर ती वाट फुटेल तिकडे निघून जाते. घरचे थकलेले असतात, आणि त्याहून अधिक संकोचलेले असतात. शरीराचा आजार आपण उघडपणे सांगतो. मनाचा आजार मात्र झाकून ठेवतो. शेजारी काय म्हणतील, मुलीचे लग्न जमेल का, घराण्याला नाव तर ठेवणार नाहीत ना, असे प्रश्न त्या बंद दारामागे घोळत असतात. अशा घरांनी लुई मार्टिन यांची ओळख करून घ्यावी. वेदीवर ज्यांचे नाव घेतले जाते त्या या संताने आयुष्यातील तीन वर्षे मनोरुग्णांच्या इस्पितळात काढली आहेत.

आपल्या अनेक चर्चमध्ये हाती क्रूस आणि गुलाबपुष्पे घेतलेली एक तरुण धर्मभगिनी आपण पाहतो. ती बाळ येशूची संत तेरेजा, आपली लिटल फ्लॉवर. लुई मार्टिन हे तिचे वडील.

घड्याळजीचे दुकान

लुई यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहरात झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंबाची बिऱ्हाडे बदलत गेली. वडील निवृत्त झाल्यावर हे कुटुंब नॉर्मंडी प्रांतातील आलाँसाँ या गावी स्थायिक झाले. लुई यांनी शिपाईगिरीचा मार्ग धरला नाही. त्यांनी घड्याळे बनविण्याची आणि दुरुस्त करण्याची कला शिकून घेतली. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास एकाग्र बसणे, बारीक चाके आणि स्प्रिंगा हलक्या हाताने जुळविणे, हे काम त्यांच्या शांत स्वभावाला मानवणारे होते.

तरुणपणी त्यांच्या मनात संन्यस्त जीवनाची ओढ होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८४५ साली, ते आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील मठात गेले. बर्फात वाट चुकलेल्या वाटसरूंना वाचविणाऱ्या संन्याशांचा तो मठ. परंतु लुई यांना लॅटिन भाषा येत नव्हती. आधी ती शिकून या, असे मठाधिपतींनी त्यांना सांगितले. घरी येऊन त्यांनी शिकवणी लावली, मन लावून अभ्यास केला. पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि तो मार्ग बंद झाला. काही काळ पॅरिसमध्ये काम करून १८५० साली त्यांनी आलाँसाँ येथे स्वतःचे घड्याळाचे दुकान थाटले. पुढे त्यालाच दागिन्यांच्या विक्रीची जोड दिली.

रविवारी हे दुकान बंद असे. आसपासच्या खेड्यांतील लोक त्याच दिवशी गावात येत आणि खरेदी करीत. इतर दुकानदारांची चांगली कमाई होई. निदान मागचे दार तरी उघडे ठेवा, असा सल्ला मित्रांनी दिला. लुई यांनी तो मानला नाही. रविवार हा प्रभूचा आणि घरच्यांचा दिवस, हा त्यांचा नेम आयुष्यभर टिकला.

१८५७ साली त्यांनी गावाच्या एका टोकाला लहानशी जागा विकत घेतली. तिथे एक छोटा बुरूज होता आणि भोवती बाग. दुकान बंद झाल्यावर ते तिथे जात. फुलझाडे लावीत, वाचन करीत, प्रार्थना करीत. मासे धरण्याचा त्यांना भारी नाद. गळ आणि काठ्या त्याच बुरुजात ठेवलेल्या असत. गळाला लागलेले मासे बहुधा क्लॅराच्या मठातील गरीब भगिनींच्या स्वयंपाकघरात पोहोचत. कुणा स्नेही भगिनीने दिलेली पवित्र मरियेची एक मूर्ती त्यांनी या बागेत बसविली होती. ही मूर्ती आपण ध्यानात ठेवू या. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

नऊ पाळणे

याच गावात झेली ग्वेरँ नावाची एक कर्तबगार तरुणी राहत होती. तिचा जन्म २३ डिसेंबर १८३१ चा. तिलाही धर्मभगिनी व्हायचे होते, आणि तिलाही नकार मिळाला होता. मग तिने आलाँसाँची सुप्रसिद्ध लेस विणण्याची कला हस्तगत केली आणि अवघ्या बाविशीत स्वतःचा व्यवसाय उभा केला. घरोघरी बसून काम करणाऱ्या बायका लेसचे तुकडे विणून आणीत. ते तुकडे एकमेकांना अशा रीतीने जोडायचे की सांधा दिसू नये, हे अवघड काम झेली स्वतः करीत असे.

१८५८ च्या वसंतात गावातील नदीवरच्या पुलावर दोघांची प्रथम दृष्टभेट झाली. काही महिन्यांतच, १३ जुलै १८५८ रोजी, मध्यरात्री आलाँसाँच्या नोत्र दाम चर्चमध्ये त्यांचा विवाहसंस्कार पार पडला. मठाची दारे ज्यांना बंद झाली त्या दोघांनी आपले घरच मठासारखे केले. पहाटे साडेपाचच्या मिस्सेला दोघे रोज जात. त्या वेळी चर्चमध्ये मुख्यतः मोलमजुरी करणारी माणसे असत.

त्यांना नऊ अपत्ये झाली. मरी, पोलीन, लिओनी, एलेन, दोन जोसेफ, सेलीन, मेलानी आणि सर्वांत धाकटी, २ जानेवारी १८७३ रोजी जन्मलेली तेरेजा. यांपैकी चार जणांना त्यांनी आपल्या हातांनी मातीआड केले. दोन्ही मुलगे वर्षाचेही झाले नाहीत. मेलानी दोन महिनेही जगली नाही. एलेन पाच वर्षांची होऊन गेली. बालमृत्यू हा त्या काळी घरोघरचा अनुभव होता. पण म्हणून आईबापांचे दुःख कमी होत नाही. झेलीने नातलगांना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतून हे दुःख जसे दिसते तसे घरातले साधे दिवसही दिसतात: मुलींचे कपडे, पडसे-खोकला, कामाची घाई, रात्री उशिरापर्यंत चाललेली लेस आणि या सगळ्यांत शांतपणे वावरणारे लुई.

झेलीचा व्यवसाय इतका वाढला की १८७० साली लुई यांनी आपले दुकान भाच्याला विकले आणि पत्नीच्या व्यवसायाचा हिशेब, प्रवास आणि विक्री स्वतःकडे घेतली. पत्नीच्या कामाला हातभार लावण्यासाठी स्वतःचा जम बसलेला धंदा सोडणारा नवरा त्या काळात दुर्मीळच होता. आजही तो फारसा सुलभ झाला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

घरातील आजारपणात लुई नुसते काळजी करीत बसत नसत. १८७३ साली थोरली मरी विषमज्वराने आजारी पडली, तेव्हा तिच्यासाठी ते उपाशीपोटी लांबवर पायी यात्रा करून आले. त्याच वर्षी तान्ही तेरेजा मरणाच्या दारात होती. आईला दूध नव्हते. झेलीने पायपीट करून सेमाले या खेड्यातील रोझ नावाच्या शेतकरी बाईला गाठले. त्या दाईच्या दुधावर आणि खेड्याच्या मोकळ्या हवेवर तेरेजा वर्षभरात धष्टपुष्ट होऊन परतली. ज्या मुलीला पुढे जगाने संत म्हणून ओळखले, ती एका गरीब शेतकरीणीच्या उपकाराने जगली, हे आपण विसरू नये.

अडगळीत गेलेले गळ

झेलीला तरुणपणापासून छातीत एक गाठ होती. १८७६ च्या डिसेंबरात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हा कर्करोग आहे आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली आहे. ही बातमी ऐकून लुई खचले. त्यांनी आपले मासेमारीचे गळ माळ्यावर टाकले. मित्रमंडळींत जाणे बंद केले. पत्नीजवळ बसून राहणे, एवढेच त्यांचे काम उरले. पुढच्या वर्षी जून महिन्यात झेली तिन्ही मोठ्या मुलींना घेऊन लूर्डला जाऊन आली. लुई धाकट्या दोघींना घेऊन घरी थांबले. बरे होण्याचे वरदान मिळाले नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, झेलीने प्राण सोडला.

लुई नुकतेच चौपन्न वर्षांचे झाले होते. पदरी पाच मुली; थोरली सतरा वर्षांची, धाकटी साडेचार वर्षांची. आलाँसाँ येथे त्यांची वृद्ध आई होती, मित्र होते, बाग होती, झेलीची आणि चार लेकरांची थडगी होती. पण झेलीचा भाऊ इझिदोर ग्वेरँ हा लिझ्यू या गावी औषधांचे दुकान चालवीत असे. मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून लुई यांनी आपले सगळे जग मागे ठेवले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते लिझ्यूला आले. आपल्या सोयीपेक्षा मुलींचे भले मोठे, हा निर्णय त्यांनी कसलाही गाजावाजा न करता घेतला.

बुईसोनेची बाग

लिझ्यूचे त्यांचे घर बुईसोने या नावाने प्रसिद्ध आहे. पुढे हिरवळ, मागे परसबाग, भोवती कुंपणाची भिंत. या परसबागेत लुई भाजीपाला काढीत, कोंबड्या आणि ससे सांभाळीत. हातात खुरपे घेतलेल्या या गृहस्थामागे चिमुकली तेरेजा सावलीसारखी हिंडे. वडिलांनी तिला बागेचा एक तुकडा तोडून दिला होता. तिथे ती आपली रोपे लावी आणि भिंतीतल्या कोनाड्यात फुलांच्या लहान वेद्या सजवी. झाडांच्या साली आणि बिया पाण्यात कालवून ती काढा करी आणि सुंदर कपात घालून वडिलांना नेऊन देई. वडील हातातले काम थांबवीत, हसत हसत तो काढा पिण्याचे सोंग करीत आणि मग हळूच विचारीत की हे आता टाकून द्यायचे का. आपल्या आत्मकथेत तेरेजाने ही आठवण मोठ्या प्रेमाने लिहून ठेवली आहे.

दुपारी बापलेक फिरायला निघत. वाटेत रोज एखाद्या चर्चमध्ये जाऊन पवित्र साक्रामेंताला भेट देत. रस्त्यात भिकारी भेटला की लुई तेरेजाच्या हातात नाणे ठेवीत, म्हणजे दान तिच्या हातून व्हावे. संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात जमत. सोंगट्यांचा खेळ होई. एखादी मुलगी उपासनावर्षावरील पुस्तकातून काही पाने वाची. मग लुई धाकट्या दोघींना मांडीवर घेऊन आपल्या गोड आवाजात गाणी म्हणत. शेवटी सगळे गुडघे टेकून प्रार्थना करीत. तेरेजा वडिलांच्या शेजारी बसे. संत कशी प्रार्थना करतात, हे तिला वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहूनच कळले.

धर्मशिक्षणाचे वर्ग आवश्यकच आहेत. परंतु मुले देवाविषयी जे काही पहिल्यांदा शिकतात ते आईवडिलांच्या चेहऱ्यावरून शिकतात. लुई यांनी आपल्या मुलींना मोठमोठी प्रवचने दिल्याची नोंद नाही. त्यांनी त्यांना वेळ दिला. हातातले खुरपे बाजूला ठेवून खोटा काढा पिण्याइतका वेळ दिला.

१८८३ च्या वसंतात तेरेजा एका विचित्र आजाराने अंथरुणाला खिळली. तिला भास होत, भीतीने ती किंचाळे. वडिलांनी पॅरिसच्या विजयदायिनी मातेच्या चर्चमध्ये तिच्यासाठी नऊ दिवसांच्या मिस्सा अर्पण करण्यासाठी पैसे पाठविले. तिच्या खाटेजवळ पवित्र मरियेची एक मूर्ती ठेवली होती. आलाँसाँच्या बागेत लुई यांनी बसविली होती तीच ही मूर्ती. १३ मे रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, ती माता आपल्याकडे पाहून हसली, असे तेरेजाला दिसले आणि ती बरी झाली.

मुळासकट उपटलेले फूल

मुली एकेक करून घर सोडू लागल्या. १८८२ साली पोलीन लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली, १८८६ साली मरी गेली. लिओनीही मठाच्या वाटेवर होती. १ मे १८८७ रोजी लुई यांना पक्षाघाताचा पहिला झटका आला. त्यातून ते सावरले, पण प्रकृती पूर्वीसारखी राहिली नाही.

त्याच महिन्यात, २९ मे रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी संध्याकाळी ते बुईसोनेच्या बागेत बसले होते. चौदा वर्षांची तेरेजा डोळ्यांत पाणी आणून त्यांच्याजवळ बसली आणि तिने कार्मेलमध्ये जाण्याची परवानगी मागितली. घरातील सर्वांत लाडकी लेक. आजारी म्हातारपणाची काठी. लुई यांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले. ते रडले, पण त्यांनी नकार दिला नाही. उठून ते कुंपणाच्या भिंतीजवळ गेले. दगडांच्या फटीत उगवलेले एक लहानसे पांढरे फूल त्यांनी उपटले आणि तिच्या हाती दिले. देवाने हे फूल किती काळजीने वाढविले, हे त्यांनी तिला समजावून सांगितले. तेरेजाच्या लक्षात आले की फूल मुळासकट निघाले आहे. म्हणजे त्याला दुसऱ्या मातीत रुजायचे आहे. तिने ते आपल्या ख्रिस्तानुकरण या पुस्तकात जपून ठेवले.

बागेत काम करणाऱ्या माणसाला रोप उपटून दुसरीकडे लावणे नवीन नसते. रोपवाटिकेतले रोप वेळीच दुसऱ्या वाफ्यात गेले नाही तर ते खुरटते, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरामागे वाडी आहे त्यांना सांगायला नको. परंतु ज्या हातांनी पाणी घातले त्याच हातांनी उपटून देणे सोपे नसते. त्या शरद ऋतूत लुई स्वतः तेरेजाला रोमला घेऊन गेले, कारण इतक्या कोवळ्या वयात मठात प्रवेश मिळण्यासाठी तिला पोप महोदयांकडे विनंती करायची होती. ९ एप्रिल १८८८ रोजी तेरेजा कार्मेलमध्ये गेली. घरी सेलीन राहिली.

त्याच वसंतात लुई यांनी आलाँसाँच्या ज्या चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला होता तिथे जाऊन प्रार्थना केली. आपल्याला सुखच सुख मिळाले, आता देवासाठी काही सोसण्याची संधी मिळावी, असे त्यांनी मागितल्याचे मठातील मुलींना भेटून सांगितले. लिझ्यूच्या संत पेत्राच्या कॅथेड्रलमधील नव्या मुख्य वेदीसाठी त्यांनी दहा हजार फ्रँकही दिले. आपण स्वतः लवकरच कसे अर्पण होणार आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते.

हरवलेला पिता

२३ जून १८८८ रोजी लुई घरातून नाहीसे झाले. कुणालाही सांगून गेले नव्हते. शोधाशोध सुरू झाली. मठात असलेल्या तिन्ही मुलींना बाहेर पडता येत नव्हते. प्रार्थना करीत वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती होते. २६ तारखेला बुईसोनेच्या शेजारचे घर आगीत जळाले. चौथ्या दिवशी ल हाव्र या बंदराच्या शहरात लुई सापडले. कुठेतरी एकांतात जाऊन संन्याशासारखे राहावे, या विचाराने त्यांच्या मनाचा ताबा घेतला होता.

मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होत जाण्याचा हा आजार होता. कधी ते पूर्वीसारखे शांत आणि समंजस असत. कधी स्मृती जाई, भास होत. १० जानेवारी १८८९ रोजी तेरेजाला कार्मेलचा पोशाख मिळाला, त्या दिवशी ते समारंभाला हजर होते आणि अगदी बरे दिसत होते. वधूसारख्या सजलेल्या लेकीला त्यांनी हात धरून वेदीपाशी नेले. तो त्यांच्या जीवनातील शेवटचा सण ठरला. महिनाभरातच त्यांना घरावर शत्रू चाल करून आल्याचे भास होऊ लागले आणि मुलींच्या रक्षणासाठी त्यांनी हाती पिस्तूल घेतले. आता घरी ठेवणे धोक्याचे होते. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ शहरातील बाँ सोव्हर या मनोरुग्णालयात नेण्यात आले.

गावात कुजबुज सुरू झाली. मुलींनी म्हाताऱ्याला सोडले म्हणून त्याचे डोके फिरले. विशेषतः धाकटीच्या जाण्याने तो वेडा झाला, असे लोक बोलू लागले. हे बोल मठाच्या भिंतींपलीकडेही पोहोचले. तेरेजाच्या काळजात ते किती खोल रुतले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. तिने वडिलांच्या या आजाराकडे प्रभू येशूच्या दुःखसहनाच्या उजेडात पाहिले. आपल्या नावाला तिने पवित्र मुखाची ही उपाधी जोडली. थुंकी आणि रक्ताने माखलेला, ओळखू न येणारा प्रभूचा चेहरा आणि आपल्या वडिलांचा हरवलेला चेहरा, हे तिच्यासाठी एकच झाले.

काँ येथील तीन वर्षे

बाँ सोव्हर हे इस्पितळ धर्मभगिनी चालवीत. सेलीन आणि लिओनी यांनी सुरुवातीला काँ येथेच मुक्काम केला. वडिलांना भेटण्याची परवानगी आठवड्यातून एकदाच मिळे. तरीही दोघी रोज इस्पितळाच्या दारापर्यंत जाऊन त्यांची चौकशी करीत. तीन महिन्यांनी त्या लिझ्यूला मामांकडे परतल्या, पण दर आठवड्याची भेट त्यांनी सोडली नाही.

त्या वर्षी आणखी एक कटू प्रसंग घडला. मालमत्तेचा कारभार दुसऱ्यांकडे सोपविण्यासाठी लुई यांची सही हवी होती. कागद त्यांच्यापुढे आले तेव्हा ते नेमके शुद्धीत होते. त्यांनी सही केली. पण मुलांनी आपल्याला टाकले, त्यांचा आपल्यावर विश्वास राहिला नाही, या भावनेने ते हुंदके देऊन रडले. ज्या घरांत आजारी आईवडिलांच्या बँकेची कामे आणि जमिनीचे कागद मुलांना पाहावे लागतात, त्यांना या प्रसंगातील दुखरी नस कळेल. व्यवहार टाळता येत नाही. पण कागदावर सही घेताना समोर एक मन आहे, ते पूर्ण विझलेले नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शुद्ध असेल तेव्हा लुई यांना आपण कुठे आहोत हे समजत असे. आयुष्यभर आपल्याला मान मिळाला, अपमान कधी वाट्याला आला नाही, म्हणून हीही परीक्षा आपल्याला हवीच होती, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. त्यांना कुणी खाऊ आणून दिला तर ते तो इतर रुग्णांना वाटून टाकीत. त्यांच्याजवळ देण्यासारखे तेवढेच उरले होते आणि तेही त्यांनी दिले.

घरी परत

तीन वर्षांनी त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. आता ते कुठे निघून जाण्याची भीती राहिली नाही. १० मे १८९२ रोजी मामांनी त्यांना लिझ्यूला परत आणले. दोन दिवसांनी त्यांना कार्मेल मठाच्या भेटीच्या खोलीत नेले. तिन्ही मुलींची आणि पित्याची ही अखेरची भेट. बोलणे जवळजवळ थांबले होते. निरोप घेताना त्यांनी बोट वर करून स्वर्गाकडे दाखविले. पुन्हा तिथेच भेटू, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्यानंतर मामांच्या घराजवळच एक घर भाड्याने घेण्यात आले. सेलीनने वडिलांची शुश्रूषा अंगावर घेतली. तिलाही कार्मेलमध्ये जायचे होते. तिला लग्नासाठीही विचारणा झाली होती. पण वडील असेपर्यंत मी त्यांची, असे तिने ठरविले. उचलणे, बसविणे, भरविणे, धुणेपुसणे, रात्री उठून पाहणे, चाकांच्या खुर्चीत बसवून उन्हात नेणे, हे सगळे तिने नोकरांच्या मदतीने केले. उन्हाळ्यात मामांच्या ला म्यूस येथील वाड्यावर त्यांना नेले जाई. तिथली झाडी, मोकळे आकाश आणि पाखरांचे आवाज त्यांना आवडत. स्मृती हरवली तरी बागेची ओढ हरवली नव्हती.

१८९४ च्या उन्हाळ्यात त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळली. त्यांना रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यात आला. २९ जुलै १८९४ रोजी, रविवारी सकाळी, ला म्यूस येथे सेलीन उशाशी असताना लुई मार्टिन यांनी शांतपणे प्राण सोडला. पुढच्याच सप्टेंबरात सेलीन कार्मेलमध्ये दाखल झाली. लिओनीलाही अनेक अयशस्वी प्रयत्नांनंतर १८९९ साली काँ येथील व्हिजिटेशन मठात कायमचे स्थान मिळाले.

तेरेजा १८९७ साली चोविसाव्या वर्षी मरण पावली आणि १९२५ साली संत घोषित झाली. तिच्या आईवडिलांना १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे धन्यवादित घोषित करण्यात आले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंब या विषयावरील सिनड चालू असताना, पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये दोघांना एकाच सोहळ्यात संतपद दिले. पती-पत्नी म्हणून एकत्र संतपद मिळालेले हे पहिले दांपत्य होय.

आपल्यासाठी

या सोहळ्यातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ख्रिस्तसभेने लुई यांना संत म्हटले तेव्हा त्यांची मनोरुग्णालयातील वर्षे लपविली नाहीत. त्यांच्या चरित्रातून ते पान फाडले नाही. परसबागेत भाजी लावणारे लुई जितके पवित्र, तितकेच पवित्र ते काँ येथील इस्पितळाच्या खाटेवरचे लुई. सेवा करणे ही पवित्र गोष्ट आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु सेवा स्वीकारणे, आपले हातपाय आणि आपली बुद्धीसुद्धा दुसऱ्यांच्या हवाली करणे, ही अधिक अवघड वाट आहे. आणि ती वाटही देवाकडेच जाते.

म्हणून ज्यांच्या घरी आज असे आईवडील आहेत त्यांना आम्ही आदराने काही सांगू इच्छितो. हा आजार म्हणजे पाप नव्हे, शाप नव्हे, घराण्याला लागलेला बट्टाही नव्हे. डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये. काही काळ इस्पितळात किंवा शुश्रूषागृहात ठेवणे अटळ झाले, तर ते टाकून देणे होत नाही. मार्टिन कुटुंबालाही तो निर्णय घ्यावा लागला होता. पण त्यांनी दर आठवड्याची भेट चुकविली नाही आणि शक्य झाल्याबरोबर वडिलांना घरी आणले. शेजाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की लिझ्यूमधील कुजबुज इतिहासात उरली ती केवळ लाज म्हणून. अशा घरात जाऊन तासभर रुग्णाजवळ बसणे, जेणेकरून सेलीनसारख्या एखाद्या लेकीला किंवा सुनेला मिस्सेला जाता येईल, हे कुजबुजीपेक्षा कितीतरी चांगले.

आणि ज्यांचे आईवडील आज धडधाकट आहेत त्यांनी आजच थोडा वेळ काढून त्यांच्याबरोबर अंगणात बसावे. कुंडीतल्या तुळशीला किंवा मोगऱ्याला पाणी घालताना त्यांच्या गोष्टी ऐकाव्यात. नातवंडांनी करून आणलेला खोटा काढा आजोबांनी हसत प्यावा. ज्या घरात अशा आठवणी साठतात, त्या घरात पुढे सगळे विसरून गेलेल्या माणसालाही कुणीतरी आठवणीने सांभाळते.

संत लुई आणि संत झेली, आमच्या घरांसाठी, आमच्या आजारी आईवडिलांसाठी आणि त्यांच्या उशाशी जागणाऱ्या सर्वांसाठी प्रभूपाशी विनंती करा.